घाम फुटल्याबिगर

"आत्ये, उद्या ती सहाची घंटा वाजवू नगंस. झोपू दे पाव्हन्यास्नी."

"बरं."

"आन् ताटावर बसल्यावर देवाचं म्हनत बसू नगंस."

"श्वास घेऊ का नगो, तेबी सांग!"

तिच्या भाचीनं, नेलीनं, कपाळावर हात मारून घेतला. हेस्टर ग्रॅटनशी बोलणं म्हणजे खडकाशी कुस्ती.

आमच्या डर्बीशायरच्या टेकडीवर पाण्यानं बरं करणारं मोठं हॉटेल होतं. हेस्टर तरुणपणी तिथं बायकांना न्हाऊ घालायची. बड्या घरची आखडलेली माणसं दारू सोडून यायची, भल्या पहाटे गार धारेखाली कुडकुडायची, वर पैसे मोजून आभार मानायची. पुढं हेस्टरनं खाली स्वतःचं पाहुण्यांचं घर काढलं. तळघरात झऱ्याचं पाणी, दोन टब. मग दुसरी मोठी लढाई आली. मोठ्या हॉटेलात पलटण उतरली, लढाईनंतर सरकारी कचेरी बसली. डॉक्टरच्या गोळ्या सरकारकडनं फुकट मिळायला लागल्यावर गार पाण्याला कोण विचारतो? एका टबात नेली बटाटे ठेवायला लागली.

अशात सहलीच्या बसवाला पर्डी आला. म्हणाला, "एक गाडी आणून बघतो. मंडळी खूश झाली तर उन्हाळाभर दर आठवड्याला आणीन. न्हाईतर नदीकाठचं हॉटेल हायेच." घर ठेवायचं की विकायचं, ते त्या एका गाडीवर आलं.

ओल्डहॅमच्या सूतगिरणीतली माणसं आली, जेवली, निजली. सकाळी घंटा वाजली नाही. न्याहारी झाली, सगळं गोडीगुलाबीत. तेवढ्यात ऑग्डनबाईनं कंबर धरली. "त्या बसनं माझा पार खुळखुळा केला बया!"

हेस्टरचे डोळे चमकले. "तासाभरात मोकळी करते. येतीस?"

मागून नेली नको-नको करत होती.

"चला की! न्हाईतरी माझा नवरा हात लावत न्हाई," बाई म्हणाली. सगळे खिदळले.

तळघरात हेस्टरनं झऱ्यात बुडवलेली चादर पिळून बाईला बाकड्यावर निजवून मानेपासून टाचेपर्यंत गुंडाळली. हात आत. वर घोंगड्या, घोंगड्यांना टाचण्या. आधी हुडहुडी भरते, मग ऊब येते, घाम फुटतो आणि डोळा लागतो. जुन्या पाहुण्यांना हे ठाऊक असायचं. ऑग्डनबाईला कुणी सांगितलंच नाही. हेस्टरला कधी सांगावं लागलं नव्हतं.

"सोडा मला! मेले!"

"पडून ऱ्हा. आत्ता ऊब यील."

"अरं पर्डी! म्हातारीनं मला बांधलंय रं!"

अख्खी गाडी जिन्यावरून खाली आली. नेली ओरडली, "आत्ये, सोड तिला!"

हेस्टर बाकड्यापुढं हात पसरून उभी. "घाम फुटल्याबिगर सोडली तर गारठा हाडात बसतो. जल्मात कुनाला सोडलं न्हाई."

पर्डीनं तिला बाजूला सारलं आणि टाचण्या उपटल्या. निळ्या ओठांची ऑग्डनबाई उठली, तिनं हेस्टरच्या सात पिढ्या काढल्या. दुपारच्या आत बस नदीकाठच्या हॉटेलापुढं उभी होती आणि मंडळी बियर पीत होती.

"वाईच दम धरला असता तर फुटला असता घाम," हेस्टर म्हणाली.

"फुटला असता आत्ये. पन त्या घामाला आता गिऱ्हाईक कोन हाय? घर इकायला काढावं लागंल आता."

वरचे सगळे पलंग एका रात्रीत मळले होते. कठड्याला धरून हेस्टर चादरी काढायला जिना चढू लागली.