मास्टरबाईंना मिळालेली खुर्ची

कारखान्यात शाळेचे गणवेश शिवले जायचे आणि सगळं कापड कापायची ती एकटी. वय त्रेचाळीस. तिला मास्टरबाई म्हणायचे, कारण नुसतं बाई म्हटलेलं तिला चालायचं नाही. कंबरेएवढ्या उंच टेबलावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, खडूनं आखायचं आणि विजेची कातर चालवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. अकरा वर्षं हेच. कापडाची ठाणं उचलायला हमाल होते, ते तिला वचकून असायचे.

ती बसायची म्हणून नाही. डबासुद्धा टेबलाला टेकून उभ्यानंच खायची. शिवणाऱ्या बायका म्हणायच्या, "मास्टरबाईंच्या पाठीला इस्त्री मारलीय." कुणी म्हणे, फार शिष्ट आहे. म्हणेनात का. शिष्ट म्हटलेलं परवडतं. आजारी म्हटलं की दुसऱ्या दिवशी टेबल जातं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आजार तरी कसला, तर सांगायला जावं आणि ऐकणाऱ्यानं जांभई द्यावी असला. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जन्मापासूनच खालच्या टोकाला चिकटलेला. अंग वाढलं तसा तो ताणला गेला. बाविसाव्या वर्षी ऑपरेशन करून सोडवला. वर्षभर बरं वाटलं, मग आतल्या आवरणाला सूज आली आणि मोकळ्या झालेल्या नसा एकमेकींनाच चिकटल्या. आता पुन्हा कापण्यात अर्थ नाही, असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. तेव्हापासून दोन्ही पायांत आग. डाव्या पायातली चप्पल निसटली तरी तिला पत्ता नसायचा. लघवी लागल्याचंही वेळेवर कळायचं नाही, म्हणून घड्याळ बघून जायचं. आणि बसलं, की दहा मिनिटांत कुणीतरी आतली दोरी खालून धरून ओढतंय असं व्हायचं. उभं राहून हिंडत राहिलं तर दिवस निभायचा. आराम म्हणजे खुर्ची, असं ज्यानं ठरवलं त्याचं एकदा तोंड बघायची तिची इच्छा होती.

नवऱ्याला एवढंच माहीत होतं, की लग्नाआधी पाठीचं ऑपरेशन झालंय. बाकीचं अवाक्षर काढायचं नाही, अशी तिच्या आईची ताकीद होती. ती तिनं इमानेइतबारे पाळली.

नवरा भला माणूस. भल्या माणसांचाच ताप जास्त. एकदा त्याच्या मोठ्या बहिणीनं त्याला सुनावलं, "बायकोला दिवसभर उभी राबवतोस, काही वाटतं का?" हे त्याच्या मनाला लागलं. बायकोला विचारायचं सोडून हा गेला परस्पर कारखान्यात, आणि मॅनेजरपुढे हात जोडून म्हणाला, "तिची पाठ खराब आहे साहेब, ऑपरेशन झालेलं आहे. बसून करायचं काही काम द्या." मॅनेजरला आयतंच सापडलं. आपला मेहुणा त्या टेबलाशी कसा चिकटवावा, या विवंचनेत तो दोन महिने होताच.

सोमवारी ती आली तर टेबलापाशी मेहुणा, आणि बटणं तपासायच्या कोपऱ्यात तिच्यासाठी नवी गादीची खुर्ची. बायकांनी टाळ्या वाजवल्या. साडेअकरापर्यंत ती त्या खुर्चीत बसली. कशी बसली ते तिचं तिला माहीत. उठताना डावा पाय जमिनीला टेकलाय की नाही, हे तिला खाली बघून ठरवावं लागलं. तशीच ती केबिनमध्ये गेली.

"माझं टेबल मला परत द्या. मला बसवत नाही."

"परवा तुम्हाला उभं राहवत नव्हतं, आज बसवत नाही," मॅनेजर म्हणाला. "थांबा, तुमच्या मिस्टरांनाच बोलावतो."

नवरा अर्ध्या तासात स्कूटरवरून आला. मॅनेजरनं दोघांना बसायला सांगितलं. नवरा बसला, ती उभी राहिली.

"या म्हणतात यांना बसवतच नाही. खरं काय ते तुम्ही सांगा. खोटं असलं तर मी काही मनावर घेणार नाही."

नवऱ्याला वाटलं, मुश्किलीनं मिळालेली खुर्ची जाते. तो घाईघाईनं म्हणाला, "बसते की साहेब. माझी बहीण आली की दोन-दोन तास बसते तिच्याशी बोलत. मी रोज बघतो ना."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग आईची ताकीद गेली खड्ड्यात.

"गोळी घेऊन बसते मी," ती म्हणाली. "तुमच्या बहिणीचा फोन आला की आधी गोळी घेते. ती गेली की दोन दिवस पाय पेटलेले असतात. डावं पाऊल मला जाणवत नाही. लघवीला घड्याळ लावून जाते. तुम्ही शेजारी झोपता आणि रोज बघता म्हणे."

मॅनेजरनं पेन फिरवलं.

"मग इथंही घ्या की गोळी," तो म्हणाला आणि हसला.

आणि नवराही हसला. साहेब हसले की आपण हसायचं, या सवयीनं हसला, पण हसला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ही आग आजाराची नव्हती.

"माझं नाव काढून टाका," ती म्हणाली.

"एवढं सगळं सांगून बसलात, आता कोण ठेवील तुम्हाला?"

"ते मी बघते. तुम्ही तुमच्या मेहुण्याकडे बघा. त्यानं सकाळपासून दोन्ही बाह्या डाव्याच आखल्यात."

मॅनेजर उठून धावला. तिनं टेबलाच्या खणातून स्वतःची हातकात्री घेतली आणि बाहेर पडली. बायकांपैकी एकीनंही मान वर केली नाही.

फाटकापाशी नवऱ्यानं स्कूटर चालू केली. "चल, बस मागं." बोलल्यावर त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली.

"तुम्ही जा. मी चालत येते."

घर चार किलोमीटर. त्यानं स्कूटर बंद केली आणि ढकलत तिच्या बाजूनं चालू लागला. ऊन रणरणत होतं. तो म्हणाला, "मला आधी सांगायचंस तरी. एवढी वर्षं."

"लग्नाआधी सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर केलं असतंत लग्न?"

तो स्कूटर ढकलत राहिला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, नुसती वाट बघितली. घराचं दार उघडून आत जाईपर्यंत त्यानं उत्तर दिलं नाही.