नवरदेव आणि बकऱ्या

आमच्या व्हॉट्सअॅप गटात एकदा एक बियाणे विकणारा माणूस आला आणि दोन-तीन दिवसांत निघूनही गेला. जाताना त्याने मला खासगीत विचारलं, "ताई, हा गट कापसाचा आहे की लग्न जुळवणाऱ्यांचा?"

त्याची चूक नव्हती. त्या सकाळी देऊळघाटकडच्या एकाने लिहिलं होतं, "काल नवरदेव लई आले." रोहिणखेडच्या एका बाईने विचारलं, "जेवून गेले का?" आणि त्याखाली चौघा-पाचजणांनी एकच उत्तर टाकलं होतं, "बकऱ्या सोडा."

गट कापसाचाच होता. बीटी कापसाला बोंडअळी लागत नाही असं ऐकत आम्ही वर्षानुवर्षं बियाण्याची पाकिटं घेतली. मग एका हंगामात बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी घर बांधून बसलेली. त्यानंतर गावात शेतीशाळा भरली. कृषी सहायकाने आजूबाजूच्या गावांतली माणसं जोडून गट काढला. पुढे त्याची बदली झाली, तेव्हा अॅडमिनपद तो माझ्या गळ्यात घालून गेला. शेतीशाळेत सर्वांत जास्त प्रश्न मी विचारले होते. त्याने सूड घेतला असं माझं मत आहे.

नवरदेव आले ते मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे आमच्या गावातले शिंपी. दुकान बाजारगल्लीत, मागच्या खोलीत वेचलेला कापूस भरलेला, आणि शेत आमच्या शेताला लागून. मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध. बोंडअळीच्या पतंगांसाठी सापळा असतो, हिरव्या नरसाळ्याला खाली लांब पिशवी. नरसाळ्यात एक गोळी ठेवायची. तिला मादीचा वास असतो, त्या वासाने नर येतात आणि पिशवीत पडतात. पिशवीत किती पडले त्यावरून पुढे अळी किती येणार ते कळतं.

मास्तरांनी सापळे आणले, गोळ्यांचं पाकीट फोडलं आणि शेतात निघणार तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गोळ्या शर्टाच्या खिशात टाकून ते मशीनवर बसले. दिवेलागणीला गटात त्यांचा आवाज आला, घाबरलेला.

"भाभी, ये पाखरं मेरेच पीछे काऊन लगे? बाजूले गिऱ्हाईक बसलंय, त्याच्याकडं एक बी नाई जात!"

मी विचारलं, "मास्तर, खिशात काय आहे?"

मास्तरांनी खिसा चाचपला असणार. मग, "गोलियां."

"मग बरोबर आहे. नवरी तुमच्या खिशात, नवरदेव दुसरीकडे कशाला जातील?"

त्या दिवसानंतर आमच्या गटात पतंग हा शब्द कोणी लिहिला नाही. आणि नवरदेव आले म्हटलं की 'जेवून गेले का' हे विचारणं ठरलेलंच.

बकऱ्यांचा उगम माझ्याकडे. कापसाचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या राहिलेल्या झाडांत, बकऱ्या सोडायच्या. उरलेली किडकी बोंडं त्या खाऊन टाकतात, अळी तिथंच संपते. मग पऱ्हाटी उपटायची. हे मी इतक्या वेळा लिहिलं की लोकांनी त्याचं औषध करून टाकलं. कोणाची मोटारसायकल सुरू होत नाही: बकऱ्या सोडा. कोणाची सासू रुसून लेकीकडे गेली: बकऱ्या सोडा. पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत: बकऱ्या सोडा. कोणीतरी एका दाढीवाल्या बोकडाचं स्टिकर बनवलं, मग लिहिण्याचेही कष्ट वाचले.

हिवरा आश्रमाकडचे एक गृहस्थ यातलं काहीच लिहीत नाहीत. ते फक्त जोडलेले हात पाठवतात. एक जोडी म्हणजे वाचलं. दोन म्हणजे पटलं. तीन म्हणजे आता पुरे करा. नव्या माणसाला हे कोणी समजावून सांगत नाही. राहिला तर कळतं.

माझा नवरा गटात नाही. फोन बोलायला असतो, असं त्याचं म्हणणं. आणि त्याच्याच पायी एका जानेवारीत माझी पंचाईत झाली.

त्या वर्षी विहिरीला पाणी टिकलं होतं. शेवटचा वेचा झाला आणि झाडांना पुन्हा पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, धरल्या. नवऱ्याने मोटार सुरू करून पाणी दिलं. याला फरदड म्हणतात, जुनंच झाड ठेवून आणखी कापूस काढायचा. अळीला दुसरं काय हवं? तिचं जेवण चालू राहतं. धुऱ्यापलीकडे मास्तरांनी मात्र महिनाभर आधीच पऱ्हाटी उपटली होती, माझ्या सांगण्यावरून. मागच्या हंगामात त्यांची निम्मी बोंडं किडून गेली होती. आमचं हिरवं राहिलं तर जूनमध्ये ते जे पेरतील त्यावर पहिली धाड आमच्याच वावरातून पडणार होती. त्यांचं पुढचं पीक माझ्या घरात अडलं होतं.

मी नवऱ्याशी बोलले.

"झाडाले बोंडं दिसून राह्यली अन् मी उपटू? येडा हाय का मी?"

"बोंडं दिसतात. आतली अळी दिसत नाही."

"हे तुझ्या गटातल्या लोकायले सांग. माह्या वावराचा अॅडमिन मी हाय."

दोन दिवसांनी गटात एक फोटो आला. सगळं शिवार मातकट आणि मधे आमचा हिरवागार तुकडा. खाली एक अक्षर नाही. मग बोकड आला. दुसरा बोकड. बोकडांची रांग लागली. शेवटी हिवरा आश्रमाकडून हात आले, तीन जोड्या.

मास्तरांनी काहीच पाठवलं नाही. ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

मी लिहिलं, "वावर आमचंच आहे. थोडे दिवस द्या." कधी नव्हे तो गट गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर घरी आले. हातात सापळा, गोळी वेगळ्या डबीत, आणि शर्टाच्या खिशाला बटण लावलेलं. मी चहा ठेवला. नवरा सावध बसला. हा माणूस भांडायला आला असणार, असं त्याने धरलं होतं.

मास्तर म्हणाले, "भाऊ, एक काम होतं. हा सापळा धुऱ्यावर लावाचा हाय, तुमच्या बाजूनं. माह्या वावरात तर काडी बी नाई राह्यली. सकाळी तेवढी पिशवी पाहून घेजा. मले दुकान सोडता येत नाई."

"त्यात काय पाहाचं?"

"नवरदेव किती आले ते."

"कोनाचे नवरदेव?"

"तेच तर पाहाचं हाय, भाऊ."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी साखर ढवळत राहिले.

सकाळी तो शेतावरून लवकर परतला. पिशवी ओट्यावर ठेवली. करडे पतंग तळाला दाटीवाटीने पडले होते, काही अजून फडफडत होते. खिशातून त्याने पाच-सात हिरवी बोंडं काढली आणि नखाने एक फोडलं. अळी. दुसरं फोडलं. अळी. तिसरं बरं निघालं, तेव्हा त्याने ते मला मुद्दाम दाखवलं. चौथ्यात दोन होत्या.

"हे सारे आपल्याच वावरातले?"

"मास्तरांच्या वावरात झाड आहे का?"

त्याने उरलेली बोंडं ओट्यावरच टाकली. हात धुतले, भाकरी खाल्ली, पाणी प्यायला. मग म्हणाला, "आपल्याकडं बकऱ्या कोणाच्या मिळतीन?"

मला इतकं हसू आलं की तवा उतरवून ठेवावा लागला.

"हासाले काय झालं? सरळ गोष्ट इचारून राह्यलो."

मी गटात लिहिलं, "आमच्या घरून विचारणा आहे. बकऱ्या कोणाच्या मिळतील?" कोणाचाच विश्वास बसला नाही. बोकडांवर बोकड आले. रोहिणखेडच्या बाईने लिहिलं, "ताई, थट्टा नका करू, त्यांनाच बोलू द्या." शेवटी मी रेकॉर्डिंग सुरू करून फोन नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. फोन लागलाय असं समजून तो मोठ्याने म्हणाला, "हॅलो! बकऱ्या पाह्यजेत. खरोखरच्या पाह्यजेत!"

देऊळघाटच्या एकाने संध्याकाळपर्यंत कळप ठरवून दिला. बकऱ्या आल्या, त्यांनी वावर साफ केलं, आणि मग पऱ्हाटी निघाली. धुऱ्यावर उभे राहून मास्तर नवऱ्याला सांगत होते की हा पांढरा बोकड आळशी आहे, त्याला पुढे हाकला.

नवऱ्याचा तो आवाज मात्र गटात राहून गेला. कोणी फार ताणून धरून शेवटी कबूल झालं की आता तोच पाठवतात. एकाच्या मुलीने पसंतीचं लग्न ठरवलं आणि बाप महिनाभर रुसून शेवटी हो म्हणाला, तेव्हा दिवसभर आमच्या फोनमधून माझा नवरा बकऱ्या मागत होता. त्याला मी सांगितलंय. तो म्हणतो, आवाज बरा आलाय.

पुढच्या सप्टेंबरात मास्तरांनी आपल्या वावरातल्या सापळ्याचा निरोप टाकला. "भाभी, आज एकच नवरदेव. तो बी म्हातारा दिसते." एका सापळ्यावरून काही ठरत नाही, आणि नंतर एक फवारणी आम्हा दोघांनाही करावीच लागली. पण त्या वर्षी त्यांची बोंडं पांढरी फुटली, आणि आमचीही.

तो निरोप मी ओसरीत बसून मोठ्याने वाचला. नवरा इळ्याला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "जेवून गेला का, इचार."