पुफीची इयत्ता चौथी

“मुलगी चौथीत बसेल. मुलाला पहिलीपासून सुरुवात करावी लागेल.”

धुळ्यातल्या एका शाळेच्या हेडमास्तरांनी १९४७ च्या दिवाळीनंतर हे वाक्य म्हटलं.

त्यातली मुलगी आज पहाटे गेली.

माझी पुफी. सिंधीत आत्याला पुफी म्हणतात.
आणि तो मुलगा म्हणजे माझे बाबा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे सर.

कराचीहून बोटीने मुंबई, मग चाळीसगावला गाडी बदलून धुळं. आजोबा कापडाचे तागे खांद्यावर टाकून सोनगीरच्या बाजाराला जायचे. त्यामुळे मुलांना शाळेत घालायला आजी गेली. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, म्हणून मोडक्यातोडक्या हिंदीतून दुभाषेपण करायला शेजारच्या अक्का सोबत गेल्या.

बाबा आठ वर्षांचे. तिकडे तिसरीत होते, वर्गात पहिले.
हेडमास्तरांनी पाटी दिली. बाबांनी उजवीकडून डावीकडे, सिंधी लिपीत, आपलं नाव लिहिलं. अक्षर सुंदर होतं म्हणे.
हेडमास्तरांनी पाटी उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी केली. म्हणाले, हे इथे कोणाला वाचता येणार नाही, बाळ.

पुफी दहा वर्षांची. ती शाळेत कधी गेलीच नव्हती. आमच्यात तेव्हा मुलींना घरीच नागरी अक्षरं शिकवायचे, पोथी वाचता यावी एवढ्यापुरती.
तिने भिंतीवरचा सुविचार सावकाश, एकेक अक्षर लावत वाचून दाखवला.
अर्थ कळला नव्हता. पण वाचला.
मग तोंडी हिशेब विचारले, तेही बरोबर आले.

देश बदलला आणि एका सकाळीत भावाची शाळा शून्य झाली, बहिणीची पोथी चौथी इयत्ता झाली.

अक्का खूश. त्यांच्या अहिराणीत मुलगी म्हणजे आंडेर. “आंडेर हुशार शे, मास्तर. तिले पहिले ल्या.”

बाबा शाळेच्या पायरीवर बसले आणि उठेचनात. बहीण चौथीत आणि मी बाळांच्या वर्गात? मी येणारच नाही.
अक्कांनी चिडवलं, “बहीण पुढे गई ते तुनं नाक गळी पडी का?”

सगळे हसले. आजी हसली नाही.

तिने अक्कांकरवी हेडमास्तरांना सांगितलं, की मुलगी या वर्षी घरी राहील. भावाला अक्षरं शिकवेल. जूनमध्ये त्याला त्याच्या वयाच्या वर्गात घ्या.
आणि मुलगी?
पुढच्या वर्षी.

मग पुफीने बाबांना शिकवलं. पापड लाटता लाटता. बाबांचा हात सवयीने पाटीच्या उजव्या कडेला जायचा. ती पीठ लागलेल्या हाताने त्यांचं मनगट धरून डावीकडे आणायची.

जूनमध्ये बाबा थेट तिसरीत बसले.
त्याच जूनमध्ये घरात पाळणा हलला, आणि बाळाला सांभाळायला कोणीतरी हवं होतं.
पुढचं वर्ष काही आलं नाही.

हे सगळं मला खूप उशिरा कळलं, बाबांच्या सत्काराच्या दिवशी. स्टेजवर बाबा म्हणाले होते, “माझी अडाणी बहीण माझ्यासाठी खूप झिजली.” टाळ्या झाल्या. पुफीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान हलवली.

घरी आल्यावर मटार सोलताना तिने मला ही गोष्ट सांगितली. अगदी हसत, दुसऱ्या कोणाची असावी तशी.

मी म्हटलं, पुफी, तू तिथे का नाही बोललीस?

“अगं, त्या पायरीवर त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मी पाहिलंय ना. ते तोंड मला पुन्हा नव्हतं बघायचं.”

मी बाबांना एकदा विचारलं होतं. पुफीचं नाव शाळेत घालणार होते ना?
ते म्हणाले, “त्या काळात सगळ्यांचेच हाल होते, बेटा.” आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

काल संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये ते तिचं मनगट धरून बसले होते.

आज सकाळी त्यांनी मला ग्रुपवर टाकायचा मेसेज सांगितला. “शाळेची पायरीही न चढलेल्या माझ्या बहिणीने…”

माझं बोट थांबलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.
मी टाइप केलं. पाठवलंसुद्धा.

मी लिहिणारी बाई. चार पुस्तकं माझ्या नावावर. तिच्याविषयीचं एक खोटं वाक्य मी शुद्धलेखन तपासून पाठवलं.
सकाळपासून लोक त्याखाली हात जोडतायत, आणि मला मान वर करवत नाहीये.

पुफी, तुला हे लिहिलेलं आवडणार नाही. माहितीये. तू अजूनही त्यालाच सांभाळशील.
तुला माझा शेवटचा नमस्कार. सावकाश जा.

बाबा, तुम्ही चहाबरोबर फेसबुक उघडता, तेव्हा हे वाचालच.

परवा तिसऱ्या दिवसाच्या बैठकीत तुम्ही तिच्याबद्दल बोलणार आहात. तुमचे विद्यार्थी येतील. त्यांच्यासमोर एवढंच सांगा, की ती पायरी चढली होती आणि तिला चौथीत घेतलं होतं. मग खाली बसा. आठ वर्षांच्या मुलाला कोणी काही बोलणार नाही.

तुम्ही नाही म्हणाल. चष्मा शोधाल.

तरी सांगा ना, बाबा.