साचेवाल्याची कुत्री

आमची तिसरी कुत्री गेली त्याला आता दोन महिने होतील. शेजारणी येतात, चहा घेतात आणि उठताना न चुकता म्हणतात, "दुसरं आणा हो एखादं, तेवढंच मन रमेल." अहो, मन रमवायलाच हवं असतं तर टीव्ही काय वाईट होता? पण माणसं चांगल्या मनाने बोलतात, म्हणून मी गप्प बसते. हल्ली मला गप्प बसायला जमतं. पूर्वी जमत नसे.

ही तिसरी भोईवाड्याच्या कोर्टाच्या पायरीवर सापडली होती. म्हातारी, एका डोळ्याने अधू, अंगावर नुसती खरूज. तीन दिवस तिथेच बसून होती. माझा नवरा म्हणाला, "हिची तारीख लागत नाहीये बहुतेक," आणि रिक्षा मिळेना म्हणून तिला पोत्यात घालून चालत नायगावला घेऊन आला. सहा वर्षं राहिली. गेली तेव्हा माझ्या मांडीवर डोकं होतं. तिच्या आधीचा कुत्रा दादरच्या मासळी बाजारातून आणलेला. बाजारात जन्मलेला, आणि मासळीला तोंड लावीना! आई त्याला माळकरी म्हणायची. वरणभात कालवून दिला की ताट चाटूनपुसून साफ. तो गेला तेव्हा आई मोरीत तोंड लपवून रडली आणि वर आम्हालाच दटावलं की कुत्र्यासाठी कुणी एवढं रडतं का.

लोक मला प्राणीप्रेमी म्हणतात. ते ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मला कुत्र्यांचं प्रेम उपजत वगैरे काही नव्हतं. पहिल्या कुत्रीशी मी जे वागले, ते कळलं तर हेच लोक माझ्या दारात चहा पिणार नाहीत. ते कधीतरी लिहून काढायचं होतं. या तिसरीला पोहोचवून आले आणि ठरवलं, आता पुरे झालं लपवणं.

ती पहिली आली गिरण्यांच्या संपात. माझे वडील साचेखात्यात होते, म्हणजे मिलच्या ज्या खात्यात माग चालतात तिथे. शेकडो माग एकदम धडधडायचे. तिथे बोललेलं ऐकू येतच नसे, सगळं बोलणं हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून. वीस-वीस वर्षं त्या आवाजात उभी राहिलेली माणसं घरी आली की घरच्यांना गळा फाडून बोलावं लागे. आमच्या मजल्यावर असे सात-आठ जण तरी होते. पण त्यांना कुणी बहिरं म्हणत नसे. "साचेवाला आहे, जरा मोठ्याने बोल," एवढंच. बहिरा म्हणजे कुणीतरी वेगळा, दयेचा. साचेवाला म्हणजे आपल्याच घरातला कमावता माणूस. पुढचं सगळं रामायण घडलं ते या आमच्या समजुतीमुळे.

मिल चालू होती तेव्हा गेटावरची कुत्री कामगारांच्या डब्यातल्या भाकरीवर जगायची. संप झाला, गेट बंद झालं, आणि सगळ्यात आधी ती उपाशी पडली. एक दिवस गेटावर पळापळ झाली. त्यात एका कुत्रीचा मागचा पाय मोडला. बाबा तिला आपल्या सदऱ्यात गुंडाळून उघड्या अंगाने घरी आले. पिवळट रंग, पांढरं शेपूट. आई दारात उभी राहिली. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! माणसांना घालायला पीठ नाही, आणि ही कोण पाहुणी?"

"गेट उघडलं की नेऊन सोडतंय," बाबा म्हणाले.

गेट उघडलं, पण बाबांसाठी नाही. दीड-दोन वर्षं घालमेलीत गेली. काहींना परत घेतलं, बाबांना घेतलं नाही. कुत्रीचा पाय जरा वाकडाच जुळला. ती आमच्या दाराबाहेर, चाळीच्या बोळात झोपायची. नाव काही ठेवलं नाही. बाबा तिला "बाय" म्हणायचे, आमच्या मालवणीत कुठल्याही लेकीबाळीला म्हणतात तसं. मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

शेवटी कुणाच्या तरी ओळखीने बाबांना दादरच्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली. सकाळी आठ ते रात्री आठ. बाय पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर जायला लागली. आई चिडायची. "कामाला चाललाय की सर्कशीत?" बाबा हसायचे आणि डबा उचलायचे. बाय जिन्यावरून तीन पायांवर उड्या मारत पुढे. मला वाटायचं, यांना पोरांपेक्षा कुत्री प्यारी.

त्या सोसायटीत माझ्या वर्गातल्या दोन मुली राहायच्या. मी सातवीत होते. बाबा तिथे आहेत हे मी वर्गात कुणाला सांगितलेलं नव्हतं. एक दिवस मधल्या सुट्टीत त्यातली एक वॉचमनची नक्कल करायला लागली. गाडी आली की कुत्री उठते, त्याची पँट दातात धरून ओढते, आणि मग हा दचकून उभा राहतो आणि गेट उघडायला धावतो. तिने ते दचकणं अगदी हुबेहूब करून दाखवलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन जेवले नाही, पण हसले होते हे खरं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिचा वाढदिवस आला आणि तिने मला बोलावलं. मला तर हुरळून जायला झालं. फ्रॉक मावसबहिणीचा आणला. आणि आदल्या संध्याकाळी एकदम लक्षात आलं. त्या गेटातून आत जायचं म्हणजे बाबांच्या समोरून जायचं. बाबांचं मला भय नव्हतं. मी नुसतं मान खाली घालून गेले असते, तर ते समजले असते आणि ओळखही दाखवली नसती. माझे बाबा तसे होते. पण बायला कोण समजावणार? मला पाहिलं की ती अंगावर झेपावायची, तोंड चाटायची, गोल गोल फिरायची. सगळ्या सोसायटीला कळलं असतं की ही वॉचमनची मुलगी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा आंघोळीला गेले तेव्हा, मी बायला खाली नेलं. जिन्याखाली अंधारी जागा होती, तिथल्या गजाला सुतळीने बांधलं आणि पुढ्यात बांगड्याचं डोकं टाकलं. आई रेशनच्या रांगेला गेली होती. मी वर येऊन वेणी घालत बसले.

बाबा तयार होऊन बाहेर पडले आणि हाका मारायला लागले. "बाय! ए बाय!" खाली बाय भुंकत होती. सुतळीला हिसके देऊन, घसा फुटेल अशी भुंकत होती. सगळी चाळ ऐकत होती. नळावरच्या बायका सुद्धा वळून बघत होत्या, पण त्यांना वाटलं, आम्हीच बांधली असेल. आणि बाबा जिन्याच्या कठड्याशी उभे राहून मला विचारत होते, "खय गेली गो ही?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना ऐकूच येत नव्हतं. इतकं जवळ, इतकं मोठ्याने, आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्या क्षणी मला सगळं कळलं. पँट ओढणं कळलं, दचकणं कळलं, ते तिला रोज का नेतात ते कळलं. ज्याला गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही तो वॉचमन कसला? कान बायचे होते, नोकरी बाबांची होती. चाळीत एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, कारण बाबा बहिरे नव्हतेच मुळी, साचेवाले होते.

कळलं. पण वळलं का? नाही. मी मोठ्याने म्हटलं, "माहीत नाही बाबा, गेली असेल कुठेतरी." ते थोडा वेळ थांबले, उशीर होतोय म्हणाले आणि डबा घेऊन एकटे गेले. जिना उतरताना बायच्या अगदी जवळून गेले. ती भुंकतच होती, आणि त्यांचं लक्ष पुढे रस्त्यावर होतं.

मी शाळेतून आले तर बाबा घरी. भिंतीला टेकून बसलेले, बाय त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून. आई चुलत्यांना सांगत होती ते मी उंबऱ्यातच ऐकलं. सोसायटीच्या सेक्रेटरींची गाडी गेटाबाहेर हॉर्न मारत राहिली. मागे रांग लागली. बाबा गेटाकडे पाठ करून पाण्याचा पंप बघत होते. शेवटी कुणीतरी येऊन खांद्याला धरून हलवलं. उद्यापासून येऊ नको म्हणाले. दुपारी परत आले तेव्हा बाय जिन्याखाली दिसली, तिला सोडवून वर आणलं. "कुणा मेल्याने बांधली असेल? मुडदा बसवला त्याचा!" आई ओरडली. तिला खात्री होती की हे तळमजल्यावरच्या टारगट पोरांचं काम. आठ दिवस ती त्या पोरांना शिव्या घालत होती आणि मी ऐकत होते. बाबा ती सुतळी बोटांत फिरवत बसायचे. वाढदिवसाला मी गेले नाही.

पुन्हा नोकरी अशी त्यांना मिळाली नाही. ते घरी कागदी पिशव्या चिकटवायला लागले. त्या कामाला कान लागत नाहीत. आईने लोकांकडे पोळ्या करायला घेतल्या. बाय दिवसभर बाबांच्या शेजारी बसायची. दारावर कुणी आलं की सवयीने त्यांची पँट ओढायची. मी तिला खूप जपायला लागले. आंघोळ घालायची, गोचिड काढायची, माझ्यातलं अर्धं तिला द्यायची. आई म्हणायची, पोरीला लळा लागला. लळा कसला? मला तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं, आणि तिला तर बिचारीला त्यातलं काही आठवतही नसावं. मला पाहिलं की तीच झेप, तेच गोल गोल फिरणं.

ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते. शेवटी चार दिवस उठली नाही. बाबा चमच्याने पाणी पाजत होते. एका सकाळी तिने मान टाकली. बाबांनी तिला आपल्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलं आणि मला म्हणाले, "चल गो."

आम्ही मिलवर गेलो. मिल तोवर कायमची बंद होती. गेटावर बाबांच्याच खात्यातला एक जुना सोबती राखणीला होता. त्याने सदरा उचलून बघितला, कुलूप काढलं आणि कुदळ-फावडं आणून दिलं. मागच्या कुंपणाशी बदामाचं झाड होतं, तिथे बाबा खणायला लागले. समोर साचेखात्याची इमारत, काचा फुटलेल्या, आत चिडीचूप. खड्डा झाला. बाबांनी तिला खाली ठेवलं, वाकडा पाय नीट केला आणि खिशातून भाकरीचा तुकडा काढून तोंडाशी ठेवला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मीच तिला बांधलं होतं."

ते खड्ड्याकडे बघत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. तिथे थांबता आलं असतं. सांगून झालं, असं मनाला पटवता आलं असतं, आणि खरं सांगते, क्षणभर तसं वाटलंही. कबुली हळू द्यायची असते. ती ओरडून कशी देणार? पण बाय समोर मातीत पडली होती. मी त्यांच्या कानाशी गेले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "बाबा! मी बांधलं होतं तिला! जिन्याखाली! मी!"

बाबांनी मान वर केली. चेहऱ्यावर आश्चर्य काहीच नव्हतं.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "सुतळीचे दोन तुकडे जोडलेले होते. ती गाठ साच्यावरची. तुटलेल्या धाग्याची. संपात बसल्या बसल्या मीच तुका शिकवलंय ती. चाळीतल्या पोरांका कुठली येताहा?"

इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. आई त्या पोरांना शिव्या घालत होती तेव्हाही, मी बायला न्हाऊ घालत होते तेव्हाही. मी रडत रडत पुन्हा ओरडले, "मग बोलला का नाहीत? मारलं का नाहीत मला?"

त्यांनी हाताची माती झटकली. रागाने नाही, अगदी साधं, बरेच दिवस विचारायचं राहून गेलेलं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "चेडवा, तुका लाज कुत्रीची वाटत होती, काय माझी?"

याच्या उत्तराला आवाज चढवायची गरज नव्हती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी त्यांना कळलं असतं. मी फावडं उचललं आणि खड्ड्यात माती ओढायला लागले.