बादलीत मावणारा देव

नेदरलँड्समध्ये आर्नहेमला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या डच प्रोफेसरांना आम्ही घरात 'याहून-मोठे' म्हणायचो. कोणतीही गोष्ट दाखवा, चष्मा कपाळावर चढवून ते विचारणार, "याहून मोठं काही मनात आणता येतं का?" मी नवी गाडी घेतली तेव्हा विचारलं, बायकोने दिवाळीचा लाडू हातावर ठेवला तेव्हाही विचारलं. लाडवाच्या वेळी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही.

जन्मभर त्यांनी मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञान शिकवलं. जिन्यात गाठून मलाही शिकवायचे. "ज्याच्याहून मोठं काही मनात आणताच येत नाही, तो देव. आता असा देव नुसता मनातच असला, तर खरोखर असणारा त्याच्याहून मोठा ठरेल. म्हणजे तो खरोखर असलाच पाहिजे!" मला ते दर वेळी पटायचं आणि वर दाराशी पोचेस्तोवर पटेनासं व्हायचं. त्यांना मात्र पटणं भागच होतं. पत्नी गेल्यापासून सगळा भार त्या एका युक्तिवादावर होता. "तो असेल, तरच ती कुठेतरी असेल," असं ते एकदा म्हणाले.

आमच्या इथल्या पहिल्या गणपतीला विसर्जनासाठी बादली त्यांच्याकडूनच आणली होती. पत्नीची, जुनी, पत्र्याची. शाडूची मूर्ती पाण्यात बसलेली बघून ते पार गोंधळले. "तुमचा देव बादलीत मावतो?"

मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. म्हणालो, "तुमचा नाही ना मावत? म्हणजे त्याला एक गोष्ट जमत नाही. मग ज्याला जमते तो मोठा, नाही का?"

मी गंमत केली होती. त्यांचा चेहरा मात्र उतरला आणि ते खाली निघून गेले. "काय गरज होती तुला?" बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "माफी नको. उत्तर हवंय." नंतर वर्षभर ते जिन्यात भेटले की नुसती मान हलवायचे, आणि मला फार अपराधी वाटायचं.

पुढच्या अनंत चतुर्दशीला बेल वाजली. बादली घासूनपुसून ते दारात उभे होते. विरघळलेल्या मूर्तीचं पाणी आम्ही कुंड्यांना घालतो हे कळल्यावर म्हणाले, "थोडं मला देशील? तिच्या थडग्यापाशी गुलाब आहे."

"तुमच्या तत्त्वज्ञानात बसतं हे?"

"नाही. अजिबात बसत नाही," ते म्हणाले. "पण मोठ्याला सगळं जग बघायचं असतं. हा छोटा नुसता तिच्याजवळ बसेल."

गेल्या हिवाळ्यात तेही गेले. तिच्याशेजारीच पुरलं त्यांना. बादली आमच्याकडे राहिली. यंदा विसर्जनाचं पाणी सायकलच्या हँडलला अडकवून नेलं, निम्मं वाटेतच सांडलं. उरलेलं गुलाबाला घातलं आणि हात जोडले. ते आमच्या गणपतीला, त्यांच्या त्या मोठ्या देवाला, की याहून-मोठ्यांनाच, मला अजून सांगता येत नाही.