खुणा केलेलं चिनी पुस्तक

उस्मानपुऱ्यातले अनंतराव कोऱ्या पुस्तकाला पुस्तक मानत नसत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा कारकून एरवी कशाचाही हट्ट न धरणारा. चहा पांचट झाला तरी मुकाट पिऊन कप विसळून ठेवणारा. पण घरात किंवा शेजारी कुणा पोराला नवी पुस्तकं आणली की त्यांना रुखरुख लागायची. त्यांच्या मते छापखान्यातून येतं ते पुस्तक अर्धंच असतं. एखादं पोर ते घेऊन वर्षभर बसतं, महत्त्वाच्या ओळीखाली पेन्सिल ओढतं, कडेला 'परीक्षेत आलं होतं' असं लिहितं आणि पास होतं, तेव्हा कुठं ते पुरं होतं. म्हणून उन्हाळा लागला की ते गल्लीत फिरून कोण कोणत्या वर्गातून वर गेलं याची चौकशी करत आणि निम्म्या किमतीत खुणांसकट पुस्तकं घेऊन येत. त्यांचा मुलगा आणि पुतणे असेच शिकले.

याला कारण होतं. पोलीस ॲक्शन होऊन निजामी राजवट गेली आणि शाळेचं माध्यम उर्दूचं मराठी झालं, तेव्हा अनंतराव दहा-अकरा वर्षांचे होते. थोरल्या भावाची उर्दू पुस्तकं त्यांच्यासाठी जपून ठेवलेली होती, पानापानावर खुणा केलेली. ती एका दिवसात निरुपयोगी झाली. पुस्तकांचं नाही, पण खुणांचं छोट्या अनंताला फार वाईट वाटलं. त्याने भूगोलाचं नवं मराठी पुस्तक शेजारी ठेवलं आणि भावाच्या खुणा पानाला पान, ओळीला ओळ लावून त्यात उतरवून काढल्या. उर्दूत ज्या पानावर गोदावरी होती, मराठीत त्या पानावर उत्तर ध्रुव होता. अनंताने उत्तर ध्रुव तोंडपाठ केला. परीक्षेत गोदावरी आली. तो नापास झाला आणि त्याने यातून एवढंच शिकून घेतलं, की खुणा ज्या पुस्तकातल्या, त्याच पुस्तकात वाचाव्यात.

त्यांची नात कालिंदी आठवीत गेली, त्या वर्षी तिच्या शाळेने चिनी भाषा सुरू केली. शिकवायला पुण्याहून एक बाई येत. कालिंदीला ती भाषा मनापासून आवडली. एकेक अक्षर ती चौकोनात असं बसवायची, जणू उंबऱ्यावर रांगोळीच काढते आहे. पण सहामाहीत ती नापास झाली. शाळेचा नियम साधा होता: वार्षिक परीक्षेत जो नापास होईल त्याचं चिनी बंद, नववीपासून संस्कृत. बाईंनी अभ्यासासाठी तीन पुस्तकं सुचवली, त्यातलं एक सीडीसकट, आणि यातलं कोणतंही एक नीट करा म्हणाल्या.

"सीडीवालं मागवून टाकते," कालिंदीची आई उमा म्हणाली.

"नको, आजोबा निवडतील," कालिंदी म्हणाली. "आजोबांनी निवडलेल्या पुस्तकात मी कधी नापास झाले नाही."

अनंतरावांना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. बाईंकडून पाहायला आणलेली तिन्ही पुस्तकं त्यांनी पुढे ओढली. एकावरही साधा पेन्सिलीचा ठिपका नव्हता.

"उमा, यातल्या कोणत्या पुस्तकावर कोण पास झालंय?"

"कोणीच नाही, बाबा. पहिलीच बॅच आहे."

"म्हणजे पुन्हा उत्तर ध्रुव," अनंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते चिनीत पास झालेला माणूस शोधायला निघाले. आधी चौकातल्या चायनीजच्या गाडीवर गेले. कढई हलवणारा पोरगा जवळच्याच कन्नड तालुक्यातला निघाला. "काका, आपण फक्त नूडल्समधी पास," तो म्हणाला. मग औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानी गेले. दुकानदाराने बराच वेळ वरचे गठ्ठे धुंडाळले. "चिनी नाय. जर्मन हाय बघा. पण खुणा एक नंबर हायेत." ते जर्मन पुस्तक अनंतरावांनी बराच वेळ चाळलं, हे खोटं नाही. खुणा खरोखरच चांगल्या होत्या.

शेवटी माणूस सापडला तो त्यांच्याच घराच्या माडीवर. रामकिसन हा त्यांचा भाडेकरू, मूळचा पिशोरचा, वाळूजच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या मशीनवर कामाला होता. मशीन चीनमधून आलेली. तिच्यासोबत आलेलं माहितीचं जाडजूड पुस्तक आता नवी प्रत आल्यामुळे त्याच्या कपाटावर पडून होतं. तेलाचे डाग, वर चिनी, खाली बारीक इंग्रजी, आणि लाल पेन्सिलीच्या खुणाच खुणा. कुठं एक, कुठं दोन, एका पानावर तर तीन.

अनंतरावांनी चष्मा पुसला. "रामकिसन, तुला चिनी येतं?"

"नाय वो काका. चित्रं बघून काम चालतं. जिथं मशीन अडली तिथं खूण केली. जिथं दोनदा अडली तिथं दोन."

"आणि या तीन?"

"तिथं सायबाचं बोट जाता जाता वाचलं."

"आता मशीन कशी आहे?"

"चार वर्षं झाली, बंद नाय पडली. माझी बी बोटं सगळी जागेवर हायेत."

"म्हणजे तू पास आहेस," अनंतराव म्हणाले आणि पुस्तक काखेत मारून खाली आले.

उमाने कपाळाला हात लावला. "बाबा, पोरीला परीक्षा द्यायचीय, बादल्या नाही काढायच्या."

"तुझं सीडीवालंही मागव," अनंतराव म्हणाले. "पण अभ्यास याच्यातून."

कालिंदीने सीडीवालं पुस्तक व्याकरणापुरतं उघडलं. बाकी सगळा अभ्यास बादल्यांच्या मशीनवर. आधी तीन खुणांचं पान, मग दोनचं, मग एकचं. खालच्या इंग्रजीवरून अर्थ लावायचा, वरची अक्षरं घोटायची. संध्याकाळी आजोबा वहीवर हात ठेवून विचारायचे, "तेल संपलं तर काय करशील?" आणि कालिंदी चिनीत सांगायची. त्यातलं एक अक्षरही अनंतरावांना कळत नसे, तरी ते "बरोबर" म्हणत.

परीक्षेचा दिवस आला. लेखी बरी गेली. सगळं तोंडीवर आलं. अनंतराव वर्गाबाहेरच्या बाकावर टोपी हातात धरून बसले होते. आतून बाईंचा प्रश्न ऐकू आला, मग कालिंदीचा आवाज, सावकाश, न अडखळता, बराच वेळ. मग बाईंना हसू आवरेना. अनंतराव टोपी चढवून उठून उभे राहिले.

कालिंदी बाहेर आली. पाठोपाठ डोळे पुसत बाईही आल्या.

"आजोबा तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. "मी हिला म्हटलं, घरातल्या एका माणसाविषयी सांग. ही म्हणाली, आमचे आजोबा जुने आहेत, पण मजबूत आहेत. सकाळी हळूहळू सुरू होतात. आधी गरम पाणी लागतं. मग आवाज येतो, पण घाबरायचं कारण नाही. फार तापले तर थोडा वेळ बंद ठेवावं. रोज नीट काळजी घेतली तर पुष्कळ वर्षं चालतील."

"मग?" अनंतरावांनी घाबरतच विचारलं.

"मग काय, पास. बाकी सगळ्यांनी सीडीतलं एकच कुटुंब म्हणून दाखवलं. कोणतं पुस्तक वापरलंत हो?"

अनंतरावांनी पुस्तकाचं नाव सांगितलं नाही. पण शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना ते थोडे ताठ चालत होते.

"आजोबा, एक वाक्य बाईंनी तुम्हाला सांगितलंच नाही," कालिंदी म्हणाली.

"कोणतं?"

"आजोबा पुस्तक निवडत असताना मध्ये हात घालू नये. धोका आहे."

अनंतराव थांबले. "हे कशाला सांगायचं होतं, पोरी?"

"असं कसं, आजोबा? तिथं तीन खुणा होत्या."