एक माप जास्त

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. मी खालापूरहून आलेला वाचनतज्ज्ञ. मला नावं नको होती, टक्केवारी हवी होती.

पावसाळ्यात मी इथल्या गुरुजींना माझी नवी वाचनपद्धत शिकवून गेलो, तेव्हा अर्धा वर्ग अडखळत होता. दिवाळीनंतर आलो, तर सगळी पोरं घडाघडा वाचत होती! मी पडवीत बसून अहवालात लिहूनही टाकलं, 'प्रगतीचं कारण: नवी वाचनपद्धत.'

शेजारी त्या बाई तांदूळ मोजत होत्या. वर्गाकडे बघून त्यांनी शेवटचं माप पातेल्यातून परत काढलं.

"परत का काढलंत?"

"हाताची सवय जात नाय, सायब. वाडीवरची पोरं आयबापासंगं वीटभट्टीवर गेली, तरी हात त्यांचं माप टाकतोच."

मी वर्गात डोकावलो. बसायच्या निम्म्या पट्ट्या रिकाम्या होत्या. पावसाळ्यात अडखळणारं एकही पोर तिथं नव्हतं. एवढं तज्ज्ञाच्या नजरेतून सुटलं होतं.

मी अहवाल मिटला. त्यांना वाटलं, मला भूक लागलीय. काढलेलं माप त्यांनी पुन्हा पातेल्यात ओतलं.

"बसा. आज तुमीच खावा त्यांच्या वाटचं."